ओहोटीच्या रांगेतली दोरिंदा

दोरिंदा गावाच्या नजरेत पहिल्यांदा भरली तेव्हा ती गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली होती.

लग्न होऊन खाडीकाठच्या कारबेइरोत येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. माहेर आत डोंगरात, लुगोच्या बाजूला. तिकडे गाई, चेस्टनटची झाडं आणि हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ. समुद्राशी तिची ओळख बसच्या खिडकीतून झालेली, तेवढीच. सासू एतेल्विना तिला तिसऱ्या, म्हणजे रेतीतले खायचे शिंपले, काढायला म्हणून पहिल्यांदा खाडीत घेऊन आली, त्या दिवशी हिने भावाचे गोठ्यात घालायचे गमबूट चढवले होते, पायापेक्षा बरेच मोठे. ओढा खाडीला मिळतो तिथे गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाऊल टाकत नाही. दोरिंदा नेमकी तिथून निघाली.

बायका हसल्या. हसण्यात वाकडं काही नव्हतं; बाहेरून आलेली प्रत्येक सून तिथे एकदा रुततेच. मग दोघीजणी पुढे होतात, बगलेत हात घालून तिला उपटून काढतात आणि पुढचं वर्षभर तिला त्यावरून पिडतात, असा रिवाज. बाल्बिना तेव्हा ऐन उमेदीत होती, खांद्याने भक्कम. ती पुढे झाली. दोरिंदाने मान हलवली. तुमची ओहोटी वाया जाईल, तुम्ही व्हा पुढे, म्हणाली. मग एकेक पाय बुटातून सोडवला, चिखलावर पालथी पडली आणि कोपरांवर सरकत बाहेर आली. बूट तिथेच राहिले. फेब्रुवारी महिना होता. ती अनवाणी रांगेत जाऊन उभी राहिली आणि पाणी परत येईपर्यंत दाताळं ओढत राहिली.

"एतेल्विना," बाल्बिना म्हणाली, "सून म्हणून खुंटा आणलायस गं. हलायची नाही ही."

त्या दिवशी परतताना सुनेची बादली एतेल्विनाने स्वतः उचलली, हे पुष्कळांनी पाहिलं.

कारबेइरोत किनाऱ्यावरच्या तिसऱ्या काढणं हे बायकांचं काम. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध रेतीचा एक लांब दांडा उघडा पडू लागतो; त्याला सगळे लोंबो म्हणतात. पाणी जसं मागे हटतं तशी बायकांची रांग त्याच्या मागोमाग पुढे सरकते. रांगेतली जागा ठरलेली असते; ती आईकडून मुलीला जाते, सासूकडून सुनेला. आणि एकीने 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. कुणाला चक्कर आली, कुणाचा पाय शिंपल्याने कापला, तरी तिला मागे टाकून पुढे जायचं नाही. कुणाच्या तरी आजीच्या काळी धुक्यात एक बाई मागे राहिली आणि भरतीने तिला गाठलं, तेव्हापासूनचा हा नियम आहे म्हणतात.

दोरिंदाची जागा एतेल्विना आणि बाल्बिना यांच्या मधली. दाताळ्याचे दात रेतीत कशाला अडले, दगडाला की तिसरीला, हे डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळावं लागतं. एतेल्विनाने तिला ते शिकवलं, फार न बोलता, हातावर हात ठेवून. पुढे वीसेक वर्षं त्या दोघी एकीच्या दाताळ्याचा आवाज दुसरीला ऐकू येईल इतक्या अंतरावर काम करत आल्या.

नवरा एलादियो होडीवर होता. तोही तिसऱ्याच काढी, पण खोल पाण्यातल्या. माणूस गावाला आवडायचा. मच्छीमारांच्या कार्मेन देवीच्या जत्रेत मूर्ती होडीतून फिरवतात, तेव्हा पुढच्या होडीत तो असे. गळा गोड. म्हाताऱ्या बायकांच्या पेट्या न सांगता उचलून मासळीच्या लिलावघरात पोचवायचा. दारू म्हणावी तर तीही बेताची. त्यामुळे त्याच्या घरात काय चालतं ते गावाला कळायला वेळ लागला. काहींना ते कळलं होतं, पण कळलं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दोरिंदा एकदा आठवडाभर डाव्या हाताने दाताळं ओढताना दिसली. गाडीच्या दारात बोटं सापडली, म्हणाली. ते खरंच होतं. दार कुणी लावलं, एवढं तिने सांगितलं नाही. एतेल्विना त्या आठवड्यात खाली मान घालून आपल्या तिसऱ्यांतल्या मूठ-मूठभर सुनेच्या बादलीत टाकत राहिली.

दोघांची एकुलती एक मुलगी शिकून विगो शहरात नोकरीला लागली. त्या वर्षी ऑक्टोबरात एका दुपारी दोरिंदा रेतीवरून परतली ती घरी गेलीच नाही. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, ती तशीच निथळत पोलीस ठाण्यात गेली. फरशी ओली होईल म्हणून दारातच उभी राहिली. सार्जंट भला माणूस होता. त्याने खुर्ची पुढे केली.

"उभ्यानंच सांगते," दोरिंदा म्हणाली. "बसले तर उठून घरी जाईन."

आणि तिने सांगितलं. बोटांचं सांगितलं, त्याआधीचं सांगितलं, आणि आदल्या रात्री त्याने उशी कशी हातात घेतली होती, तेही सांगितलं.

तालुक्याच्या न्यायाधीशबाईंनी हुकूम दिला: खटला उभा राहीपर्यंत एलादियोने दोरिंदापासून अर्धा किलोमीटर दूर राहायचं. त्याच्या घोट्यावर एक पट्टा बसवला. दोरिंदाला फोनसारखं एक यंत्र मिळालं, ते तिने सतत जवळ बाळगायचं. दोघांतलं अंतर कमी झालं की यंत्र किंचाळे, दूर माद्रिदकडच्या केंद्रात दिवा लागे, आणि तिथली बाई आधी दोरिंदाला, मग एलादियोला, मग पोलिसांना फोन करी. एलादियो खाडीच्या पलीकडच्या टोकाला आईच्या घरी राहायला गेला. दोरिंदाने बेकरीच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

रेतीवर बायकांनी त्या यंत्राचं नाव तान्हं ठेवलं. सारखं जवळ घ्यायला लागतं, वेळेवर विजेचं दूध पाजायला लागतं, आणि कधी भोकाड पसरेल नेम नाही. "दोरिंदा, या वयात गं?" असं म्हणत एकमेकींना कोपरानं ढोसत. दोरिंदाही हसे. तिने तान्ह्याला पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून विजारीच्या छातीत ठेवलं होतं. रांगेत ती आपल्या जागेवर उभी राही. डावीकडे एतेल्विना आपल्या जागेवर. जागा बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पण एतेल्विना आता तिच्याशी बोलत नव्हती. बारीक तिसऱ्या गाळायची चाळणी हवी असली की हात पुढे करी, दोरिंदा चाळणी देई, एवढंच.

हिवाळाभर ठीक चाललं. मग एलादियोला एक युक्ती सुचली.

भरतीला, लोंबो पाण्याखाली असताना, तो होडी घेऊन दांड्याच्या टोकापलीकडे येई आणि नांगर टाकी. दोरिंदा तेव्हा किनाऱ्यावर. अंतर कायद्यात बसणारं. मग ओहोटी लागे, बायकांची रांग पाण्यामागे चालू लागे, आणि पाण्यामागे म्हणजे सरळ त्याच्याकडे. अर्ध्या वाटेत तान्हं किंचाळे. पाठोपाठ केंद्रातल्या बाईचा फोन.

"सेन्योरा दोरिंदा, तो हललेला नाही. तुम्हीच त्याच्या दिशेने जात आहात. कृपया मागे फिरा."

"बाई, मी त्याच्याकडे जात नाहीये. समुद्र जातोय. मी समुद्राच्या मागे जातेय."

माद्रिदला समुद्र नाही, त्याला ती बिचारी तरी काय करणार. ती परत तेच वाक्य अदबीने म्हणे. दोरिंदा थांबे, आणि ती थांबली की नियमाप्रमाणे रांग थांबे. पोलिसांची गाडी किनाऱ्यावर येई. एलादियो होडीत उभा राहून दोन्ही हात वर करी. मी सकाळपासून इथे पोटासाठी उभा आहे, हलणारी ती आहे, पट्टा तिला बांधा, असं ओरडून सांगे. चोराच्या उलट्या बोंबा. पण कागदावर त्या खऱ्या दिसत. मग पोलीस त्याला नांगर उचलायला लावत, तो सावकाश उचले, आणि तोवर पाणी परतायला लागलेलं असे. ओहोटी काही कुणाचा पंचनामा होईपर्यंत थांबत नाही. सगळ्यांच्या बादल्या अर्ध्या.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा बायकांनी एलादियोला शिव्या घातल्या. चार-पाच वेळा झाल्यावर शिव्या कमी झाल्या आणि उसासे वाढले. रांगेच्या दुसऱ्या टोकाला एक जण होती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, ती एकदा बोलून गेली, "तुझं तान्हं रडतं आणि आमच्या घरचं दूध आटतं, बाई." दोरिंदाने ऐकलं. तिला राग आला नाही, कारण ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी ती बेकरीच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिली, वर न जाता.

शेवटी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष फेर्मिन याने तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता; भांडण नको म्हणून आयुष्यभर दोन्ही बाजूंना मान डोलावणारा होता. त्याने कॉफी मागवली, तीत थोडी दारू घातली, आणि सुचवलं की तिने निदान एक वर्ष लोंबो सोडून ओढ्याकडच्या चिखलावर काम करावं. तिथे होड्या येत नाहीत. तिसऱ्या कमी आहेत, बारीक आहेत, हे त्यालाही ठाऊक होतं. पण जिवाला शांतता, असं तो म्हणाला. नाहीतर घरीच बस, काही दिवसांचा तर प्रश्न आहे.

"फेर्मिन, पट्टा कुणाच्या पायात आहे?"

"अगं, ते मला माहीत आहे—"

"सांग ना. कुणाच्या?"

"एलादियोच्या."

"मग जागा बदलायला त्याला सांग. मी लोंबो सोडणार नाही. आज लोंबो सोडला तर उद्या तो बेकरीसमोर येऊन उभा राहील आणि तू म्हणशील, बेकरी सोड."

फेर्मिनने मान डोलावली. एलादियोला त्याने काही सांगितलं नाही.

आता इथे बायकांनी जे केलं ते मायेपोटी केलं, आणि ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. रांग मोडायची नाही, आणि दोरिंदाला बाहेरही काढायचं नाही. मग उरतं काय, तर तान्हं. किनाऱ्यावर एक खोपटं आहे, तिथे तिसऱ्यांचं वजन होतं, आणि चोरून तिसऱ्या काढणाऱ्यांवर नजर ठेवायला पाळीपाळीने एक बाई तिथे बसते. कुणाला खोकला झाला, कुणाचा गुडघा धरला, तर तीही त्या दिवशी खोपट्यात बसते आणि तिच्या वाट्याच्या तिसऱ्या बाकीच्या भरतात. बाल्बिना म्हणाली, तान्ह्यालाही बसव खोपट्यात. ते तिथे राहिलं की किंचाळणार नाही, केंद्रातल्या बाईलाही जरा उसंत. आणि आम्ही एवढ्याजणी तुझ्या दोन्ही बाजूंना आहोत. यंत्र ते काय जास्त करणार?

दोरिंदाने विचार केला. यंत्र सतत जवळ ठेवीन अशी तिने सही केली होती. पण सगळ्यांच्या अर्ध्या बादल्याही तिला दिसत होत्या. ती हो म्हणाली.

युक्ती लागू पडली. खोपट्यापासून एलादियोची होडी पुष्कळ लांब; तान्हं गप्प. बादल्या भरू लागल्या. बायका पुन्हा थट्टा करू लागल्या. दोरिंदाला मात्र छातीपाशी पिशवीची जागा मोकळी लागे, आणि ती अधूनमधून मान वर करून पाण्याकडे पाही.

इकडे एका रविवारी एतेल्विना लेकाला कोबीचं सार वाढत होती. तो सहज म्हणाला, आजकाल ते यंत्र वाजत नाही वाटतं. ती सहज म्हणाली, खोपट्यात असतं ना ते. आईच ती, जेवताना मुलाने विचारलं, तिने सांगितलं. सार वाढता वाढता तिचा हात मध्येच थांबला, असं ती पुढे म्हणाली. पण तोवर बोलून झालं होतं.

मार्चातल्या अमावास्येच्या उधाणाची ओहोटी होती. अशा दिवशी लोंबो सगळ्यात लांबवर उघडा पडतो. सकाळी धुकं होतं. रांग दांड्याच्या टोकापर्यंत पोचली होती. इंजिनाचा आवाज आला नाही, वल्ह्यांचाही नीटसा नाही. दोरिंदाने मान वर केली तेव्हा एलादियो गुडघाभर पाण्यात उभा होता, तिच्यासमोर, दाताळं पोचेल इतक्या अंतरावर. मागे होडी.

तो ओरडला नाही. हसला.

"वाजलं का काही?" त्याने विचारलं. "नाही ना? मग कायद्यानं मी इथे नाहीच."

दोरिंदाचे हात दाताळ्यावर घट्ट झाले. पाय मागे जाऊ पाहत होते. तिने ते जाऊ दिले नाहीत.

"घरी चल, दोरी. झालं तेवढं पुरे. गाव हसतंय तुला."

"बायांनो, थांबा," दोरिंदा म्हणाली.

ती मोठ्याने नव्हती बोलली. पण दाताळ्यांची खरखर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद पडत गेली. धुक्यात एकेक बाई कंबर सरळ करून उभी राहिली. कुणी पुढे आलं नाही, कुणी मागे गेलं नाही; रांग होती तशी, फक्त उभी. एलादियोने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उजवीकडे त्याची आई होती.

"आई, तू जरा तिकडे हो."

एतेल्विना हलली नाही. दोरिंदा मग त्याच्याशी बोलली, चुलीपाशी बोलावं इतक्या हळू.

"ही माझी जागा आहे, एलादियो. तू पाण्यातून आलास, पाण्यातून जा."

त्याने हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं, तेच, बोटं सापडलेल्या हाताचं. बाल्बिनाने दाताळ्याचा दांडा आडवा धरून मध्ये घातला, गाई अडवतात तसा. मग भरतीचं पहिलं पाणी सगळ्यांच्या पायांना लागलं, सुटी होडी वाहत जाऊ लागली, आणि मनगट सोडून होडीमागे त्याला जावं लागलं.

बायकांनी बोलावलेले पोलीस आले तेव्हा एलादियो पलीकडच्या धक्क्यावर जाळं विणत बसला होता. मी खाडीत होतो, म्हणाला, यंत्र बघा. यंत्र पाहिलं. नोंदीत दोरिंदा सकाळभर खोपट्यात होती आणि तो तिच्यापासून कायदेशीर अंतरावर. वर त्याच्या वकिलाने न्यायालयात अर्ज टाकला: बाईंना धोका असता तर त्यांनी यंत्र असं टाकून दिलं असतं का? पट्टा काढावा, हुकूम मागे घ्यावा.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात. फेर्मिन आता म्हणू लागला, मी चिखलावर जा म्हटलं होतं. दुकानात पावाच्या रांगेत बायका आवाज खाली करू लागल्या. यंत्र ठेवलं नाही म्हणजे चूक तिचीच, असं ज्यांनी ते यंत्र कधी छातीशी बांधलं नव्हतं ते लोक म्हणाले. दोरिंदाच्या वकीलबाईंनी तिला बजावलं, की रांगेतल्या बायका साक्ष देतील, पण त्या तिच्या मैत्रिणी. आणि खोपट्याची गोष्ट कबूल केली तर तिचीच बाजू पडेल. ते टाळता येईल का, पाहू या.

"टाळायचं नाही," दोरिंदा म्हणाली. "मी खोटं बोलले तर त्याच्यात माझ्यात फरक तो काय? मी तान्हं खोपट्यात ठेवलं. आणि तो रेतीवर आला. दोन्ही खरं आहे. दोन्ही सांगेन."

तिने एतेल्विनाला काही विचारलं नाही. सुनावणीच्या आदल्या ओहोटीला दोघी शेजारी काम करत होत्या. चाळणीसाठी हात पुढे झाला, चाळणी दिली गेली. आईकडे मुलाविरुद्ध साक्ष मागायची नाही, हे दोरिंदाने मनाशी पक्कं केलं होतं. तिलाही मुलगी होती.

तालुक्याच्या न्यायालयात दोरिंदाने सगळं सांगितलं, या वेळी खुर्चीत बसून. न्यायाधीशबाईंनी विचारलं, यंत्र जवळ ठेवायचा हुकूम तुम्हाला समजला नव्हता का? समजला होता, ती म्हणाली. चूक माझी. पण चुकीची शिक्षा म्हणून मला त्याच्या हवाली करू नका.

मग बाल्बिनाची साक्ष झाली, आणखी दोघींची झाली. एलादियोच्या वकिलाने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तुम्ही दोरिंदाच्या मैत्रीण ना? बाल्बिना म्हणाली, अहो, माझ्याशी ती तीन वेळा कडाडून भांडलीय, त्यातलं एक भांडण चाळणीवरून. लोक हसले, पण उत्तर वाहून गेलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एतेल्विना उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. काळा झगा, हातात पाकीट, जत्रेला निघाल्यासारखी. ती पुढे येऊन उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी तिला सांगितलं, की आई म्हणून मुलाविरुद्ध बोलण्याची तिच्यावर सक्ती नाही. ती आता परत जाऊन बसू शकते, कुणी काही म्हणणार नाही.

"ठाऊक आहे," एतेल्विना म्हणाली.

तिने एलादियोकडे पाहिलं नाही. तो तिथे होता, म्हणाली. माझ्या हाताच्या अंतरावर. तिचं मनगट धरलंन. यंत्र खोपट्यात असतं हे मी त्याला सांगितलं होतं, रविवारी, जेवताना. त्याला ठाऊक होतं म्हणून तो आला.

वकिलाने विचारलं, आपण आणि आपली सून, तुमचे संबंध कसे आहेत?

"आम्ही बोलत नाही," एतेल्विना म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर वकिलाला विचारण्यासारखं फारसं उरलं नाही. पट्टा राहिला. हुकूम कडक झाला: एलादियोने कारबेइरोच्या खाडीत होडीच आणायची नाही, भरती असो की ओहोटी. तो किनाऱ्याने बराच वर, चुलतभावाकडे राहायला गेला आणि तिथल्या बंदरात कामाला लागला. दोरिंदाला न्यायाधीशबाईंनी ताकीद दिली, ती तिने मान खाली घालून ऐकली. यंत्र त्या दिवसापासून कधी खोपट्यात गेलं नाही. फेर्मिनने, उशिरा का होईना, लोंबोवर बायकांची ओहोटी असेल तेव्हा टोकापलीकडे कुठल्याच होडीने नांगर टाकायचा नाही, असा ठराव मांडला. तो बिनविरोध झाला. बायका सोसायटीत संख्येने जास्त आहेत, हे सगळ्यांना त्या दिवशी आठवलं.

न्यायालयातून परतताना सगळ्याजणी बाल्बिनाच्या व्हॅनमध्ये होत्या. एतेल्विना पुढे बसली, दोरिंदा मागे. वाटेत कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. पोटच्या पोराला पाण्यात लोटलं, असं गावातल्या काही लोकांनी एतेल्विनाला तोंडावर ऐकवलं, आणि दोन घरांनी तिला चर्चच्या दारात ओळख देणं सोडलं. तिने ते सोसलं. ती अजून लेकाला दर आठवड्याला फोन करते, आणि तो कधी उचलतो, कधी नाही. दोरिंदाशी ती पूर्वीसारखी बोलत नाही. पण गेल्या थंडीत दोरिंदाला ताप होता, तेव्हा बेकरीच्या जिन्यावर झाकलेलं पातेलं कुणी ठेवलं, हे विचारायची गरज पडली नाही.

एलादियोचा खटला अजून लागायचा आहे. दोरिंदा आता पन्नाशीला आली आहे. या वर्षी बायकांच्या गटाने तिला आपल्या वतीने सोसायटीच्या मंडळावर निवडून दिलं. बैठका मंगळवारी असतात, आणि मंगळवारी ओहोटी दुपारची असली तर ती रेतीवरून थेट रबरी विजारीतच बैठकीला जाते.